छत्रीच्या हुकमाची व मोडखाना बंद पडल्याची हकीकत

श्री. जो ओवतो त्यास एक नमस्कार, जो उसवतो त्यास दोन, आणि उभयतांच्या मध्ये गादीवर बसून जो नुसता हुकूम सोडतो त्या धन्यास रिवाजाप्रमाणे साष्टांग. शके सतराशे एक, विकारी नाम संवत्सर, ज्येष्ठ मासी एका राज्यात जो प्रकार जाहला तो जैसा कानी आला तैसा लिहिला असे. राज्याचे नाव विचारू नये, ते त्या राज्यासही ठाऊक नव्हते. राज्य केवढे म्हणाल, तर मोहरीच्या एका दाण्यावर ऐशी शेकडो राज्ये अंथरता येतील आणि वर शिकारखान्यास जागा उरेल. पंडित लोक ऐशा राज्यास पेशी म्हणतात, म्हणोत. हे राज्य एका भोजनप्रिय गृहस्थाच्या यकृतात, उजव्या बरगडीखाली वसले होते, आणि चहूकडे तैशीच राज्ये भिंतीस भिंत लावून नांदत होती, आणि गृहस्थ जे जे गिळीत ते ते निस्तरणे हाच या सर्वांचा वंशपरंपरेचा उद्योग होता. गृहस्थांस या राज्यांची खबर नव्हती. असती तरी त्यांनी जेवण कमी केले असते ऐसे वाटत नाही.

राज्याचा रिवाज ऐसा. मध्यभागी बालेकिल्ला, आणि किल्ल्यात पूर्वजांपासून आलेली मूळ सनद, ती इतकी लांब की वेटोळी करकरून ठेवलेली, आणि ती दरवाजाबाहेर नेण्याची परवानगी खाशा महाराजांसही नव्हती. सबब कारभारास जे कलम लागे त्याची नक्कल मण्यांची माळ ओवून करीत. मणी चार रंगांचे, तांबडे, हिरवे, काळे आणि पांढरे, आणि त्यांच्या क्रमात हुकूम. माळेच्या डोक्यास शिरपेच, म्हणजे हुकूम खरा, आणि शेवटास नुसत्या पांढऱ्या मण्यांचे लांब शेपूट, म्हणजे हुकमास अजून आयुष्य आहे. मग ती माळ किल्ल्यातून खाली कारखान्यात येई, आणि कारागीर तीन तीन मणी बोटाखाली घेऊन वाचीत आणि सांगितली वस्तू घडवीत, आणि दिवस कलेल तसे शेपटाचे पांढरे मणी एकेक करून गळत. शेपूट संपले की हुकूम संपला. मग मोडखान्याचे लोक येऊन शिरपेच उतरवीत, आणि एक टोळी डोक्याकडून व दुसरी टोळी शेपटाकडून बसे आणि मणी मणी सुटा करी, आणि ते मणी धुऊन पुन्हा किल्ल्यावर कोठारात जात, आणि त्यांचाच दुसरा हुकूम ओवला जाई. सकाळी ज्या मण्यांनी साखर साठवा म्हणून सांगितले तेच मणी दुपारी साखर काढा म्हणून सांगत, आणि कोणास त्यात वावगे वाटत नसे. या माळेस ते पंडित आरएनए ऐसे नाव देतात, ते उच्चारताना तीन शिंका आल्यासारखे होते, सबब आम्ही माळच म्हणतो.

माळा ओवण्याचे काम यादोपंत माळनवीस यांजकडे. पंत कामात पक्के, बोटे बारीक, आणि मनात एक गाठ जन्माची, ती ऐशी की आपण ओवतो ते नुसते हुकूम नव्हेत, ती कला आहे. तांबड्यानंतर हिरवा कोठे यावा हे सनदेने ठरविलेले असे, तेथे पंतांचे काही चालत नसे, परंतु दोऱ्यास पीळ किती, शिरपेच कोणत्या बाजूस कलता, शेपटाचे मणी कैसे एका मापाचे, यात ते जीव ओतीत. आणि कारागीर तीन मण्यांपलीकडे पाहात नसत. माळ सुंदर आहे ऐसे त्या राज्यात कोणीही कधी म्हटले नव्हते, आणि पंत रोज कारखान्यावरून जाताना चाल मंद करीत, न जाणो कोणी म्हणेल म्हणून.

तों ज्येष्ठात गृहस्थांस ताप भरला. ऐसा ताप की राज्यात भिंतींस हात लावण्याची सोय राहिली नाही. त्या राज्यात माणूस म्हणजे एक घडी. धोतराच्या निऱ्या जैशा ठरल्या तैशी प्रत्येकाची घडी ठरलेली, आणि घडीवरच ज्याचे त्याचे काम. उष्म्याने घड्या सुटू लागल्या. सबनिसांचा हात गुडघ्यास चिकटला, किल्लेदार मधोमध उलगडून दरवाजात आडवे पडले, आणि दोघे मानकरी एकमेकांत ऐसे गुंतले की कोण कोणाचा ते त्यांच्या बायकांसही सांगवेना. मग हुजुरून हुकूम जाहला की छत्र्या करा. कारण छत्रीखाली बसविला की उलगडलेला माणूस थंड होऊन आपल्या घडीवर परत येई. पंतांनी माळ ओवली, आणि ओवली ती ऐशी की पुन्हा तैशी त्यांच्या हातून होणे नाही. ती माळ खाली येताच कारखान्यांतून छत्र्या निघाल्या, आणि छत्र्यांखाली सबनिसांचा हात सुटला, किल्लेदार उठून उभे राहिले, आणि राज्य वाचले. महाराजांनी भर दरबारात पंतांच्या पाठीवर हात ठेवून म्हटले, “पंत, माळ मोठी सुंदर होती.” पंतांस भरून आले. त्यांनी मान खाली घातली, आणि त्या दिवसापासून ती पुन्हा पूर्वीइतकी खाली गेली नाही.

पुढे ताप उतरला, आणि छत्रीच्या माळेचे शेपूट संपले, आणि रिवाजाप्रमाणे माळ मोडखान्यात गेली. पंत सहज त्या वाटेने जात होते. मोडखान्याची कारभारीण साळूबाई, अंगाने भरदार, आवाजाने त्याहून भरदार, ओसरीवर पाय पसरून बसली होती, आणि तिची माणसे दाताने दोरे तोडीत होती आणि मणी टोपलीत टाकीत होती, आणि साळूबाईच्या मांडीवर छत्रीची माळ. शिरपेचास तिने नुकताच हात घातला होता. पंत ओसरीची पायरी चढले. त्यांनी विचारले की हे काय चालविले आहे. साळूबाईने दातातला दोऱ्याचा तुकडा थुंकला आणि म्हणाली, “छत्र्याबित्र्याचं हाय वाटतं. शेपूट संपलं, म्हून आलं.”

ते ‘वाटतं’ पंतांच्या काळजास लागले. राज्य ज्या माळेने वाचले ती कशाची हेही बाईस नक्की ठाऊक नाही. पंतांनी माळ तिच्या मांडीवरून हिसकली आणि तैसेच हुजुरात गेले. महाराज छत्रीखाली बसून साखरेचे खडे चघळीत होते. पंतांनी अर्ज केला की महाराजांचा शब्द रोज दाताने कातरला जातो, हे सेवकाने या डोळ्यांनी पाहिले. महाराजांनी विचारले की कोणाच्या दाताने. पंत म्हणाले साळूबाईच्या. महाराजांनी साळूबाईस एकदा पाहिले होते, सबब त्यांच्या अंगावर काटा आला. मग विचारले की हे केव्हापासून. पंत म्हणाले राज्य स्थापन जाहले तेव्हापासून. यावर महाराज फार रागास आले आणि म्हणाले की आमचे वडील, आजे, पणजे, सर्वांचे शब्द या बाईच्या टोपलीत गेले आणि आम्ही येथे बसून स्वतःस राजे म्हणवितो. मग लगोलग मनाई जाहली की यापुढे या राज्यात कोणतीही माळ कोणी उसवू नये, उसवील त्याचा कडेलोट, आणि मोडखाना बंद. मनाईची माळ पंतांनीच ओवली, चांगले जाड शेपूट लावून, आणि मोडखान्याच्या दारावर टांगली. आणि छत्रीच्या माळेस रोज सकाळी पंतांनी आपल्या हाताने नवे पांढरे मणी लावावे, ऐसीही परवानगी मिळाली. साळूबाईने माणसांस सांगितले की बरे जाहले, जबडे दुखत होते, आणि सर्व मंडळी ओसरीवर आडवी जाहली, आणि त्यांच्या घोरण्याने टांगलेली माळ हलू लागली.

मग राज्यास जो रंग चढला तो काय वर्णावा. ताप नाही, ऊन नाही, आणि छत्र्या चालूच. बोळांत छत्र्या, चौकांत छत्र्या, महाराजांच्या शेजघरात छत्र्या, आणि राणीसाहेबांनी पलंगावर जाण्यास छत्र्या बाजूस सारण्याची एक दासीच नेमली. जो हुकूम एकदा सुटला तो सुटलाच. साखर साठवा हा सकाळचा हुकूम सायंकाळीही जिवंत, आणि साखर काढा हा दुपारचाही जिवंत, सबब एक रांग कोठीत गोणी नेई आणि दुसरी रांग तीच गोणी बाहेर आणी, आणि वाटेत भेटल्यावर उभय रांगांचे लोक एकमेकांस रामराम करीत आणि घरची ख्यालीखुशाली विचारीत. काम भरपूर, घाम भरपूर, आणि गोणी होती तेथेच. दरबारात सर्व म्हणत की राज्यात इतका उद्योग पूर्वी कधी नव्हता, आणि ते खरे होते.

कोठाराचा कोठावळा मायाजी, तो एके दिवशी पंतांकडे आला आणि म्हणाला की मणी परत येत नाहीत, टोपल्यांचे तळ दिसू लागले. पंतांनी त्यास नवे मणी घडविण्यास सांगितले. मायाजीने भट्टी पेटविली, परंतु नवा मणी घडवावा तर त्यास इतकी साखर जळे की मूठभर मण्यांत दरबाराचा फराळ बंद पडला, आणि महाराजांनी भट्टी विझवविली. मायाजी पुन्हा आला. म्हणाला, पांढरे मणी तर रोज सकाळी तुम्हीच नेता, छत्रीस लावण्यास. पंत म्हणाले की पाहू. त्यांस सर्व दिसत होते. नव्या हुकमांस ते बोटभर शेपूट लावीत, ते कारखान्यापर्यंत पोचते न पोचते, आणि त्यांची त्यांसच लाज वाटे. परंतु सकाळ जाहली की पाय छत्रीच्या माळेकडे वळत. कारखान्यात ती टांगलेली असे, आणि तिचा शिरपेच किंचित डावीकडे कललेला असे, आणि पंत पांढरे मणी लावता लावता मनात म्हणत की आणखी एक दिवस. मुलास शाळेत न धाडणाऱ्या आईसारखे त्यांचे जाहले होते.

ऐशात गृहस्थांस बरे वाटले आणि ते भाच्याच्या लग्नास गेले. तेथे बुंदी खाल्ली, आणि वऱ्हाडाने आग्रह केला म्हणून मोहाची घेतली, आणि आग्रह थांबला तरी घेतली. ती यकृतात उतरली. राज्यात ते विष शिरले तेव्हा प्रथम पहारेकरी भिंतीस मुजरे करू लागले, मग किल्लेदार रडू लागले आणि आपल्या लहानपणच्या गोष्टी सांगू लागले, मग भिंतींचे लेप सुटू लागले आणि पुढच्या गल्लीत माणसे पडली ती उठली नाहीत. थट्टेचा प्रसंग राहिला नाही. हुजुरून हुकूम जाहला की विषझाडे करा. विषझाडे म्हणजे विष दिसेल तेथे धरून त्याचे आंबट पाणी करून राज्याबाहेर लोटणारे लोक, यकृतातल्या राज्यांचे खरे सैन्य तेच. त्यांचे कलम सनदेत होते, परंतु ते लांबलचक, आणि त्याची माळ म्हणजे टोपल्याच्या टोपल्या मणी. मायाजीने सर्व टोपल्या उपड्या केल्या. जे निघाले त्यात अर्धी माळही भरेना.

पंतांनी अर्धीच ओवली. तीस शेपूट नाही, शेवट नाही, मध्येच संपली, आणि कारागिरांनी तीन तीन मणी वाचून जेवढे सांगितले तेवढे घडविले. कारखान्यातून अर्धे विषझाडे बाहेर आले. कोणास हात नाहीत, कोणास डोके नाही, आणि ज्यांस तोंड होते ते विचारू लागले की आम्ही कशासाठी. एरवी ऐशी अर्धवट माळ दिसताच साळूबाईची माणसे ती पहिल्या फेरीतच फोडीत, कारखान्यास वाचूही देत नसत. आता ती शिरपेच मिरवीत टांगलेली, आणि अर्धी माणसे येतच राहिली, आणि विष एकीकडे आणि ही बिचारी दुसरीकडे, वाटेत पाय ठेवण्यास जागा नाही. महाराज म्हणाले की छत्र्या उघडा. उघडल्या. विषास छत्रीचे काय. आणि भिंतीपलीकडे शेजारची राज्ये जमू लागली. त्यांचा रिवाज ऐसा की शेजारचे राज्य बुडू लागले तर शोक करण्यापूर्वी गोण्या घेऊन यावे आणि वाटणी करून घ्यावी. भिंतीवरून रिकाम्या गोण्यांची तोंडे दिसू लागली, आणि एका गोणीमागून कोणी अदबीने विचारले की अजून किती वेळ लागेल.

मग पंत धावत मोडखान्यात गेले. साळूबाई जागी होती, परंतु उठली नाही. पंतांनी सांगितले की माळा उसवा, मणी पाहिजेत, राज्य जाते. साळूबाईने दारावर बोट दाखविले. तेथे मनाई टांगलेली, पंतांच्या हातची, जाड शेपटाची. ती म्हणाली की माझ्या माणसांस पोरेबाळे आहेत, कडेलोट व्हायचा तर ज्याने ओवली त्याचा होऊ द्या, आधी नवी माळ आणा की मनाई उठली. आता मनाई उठविण्यास माळ पाहिजे, आणि माळेस मणी पाहिजेत, आणि मणी पाहिजेत तर माळ उसवली पाहिजे, आणि ती उसवण्यास मनाई. हा पेच त्या राज्यात दुसऱ्या कोणास घालता आला नसता. पंत दारात उभे राहून ते सर्व एकदा मनात फिरवून पाहते जाहले आणि त्यांस कळले की ही गाठ आपण इतकी सुबक मारली आहे की तीस टोकच ठेवले नाही.

पंत कारखान्यात गेले. राज्यात शेकडो माळा टांगलेल्या होत्या, परंतु इतक्या लांबीची, इतक्या मण्यांची, रोज सकाळी वाढत गेलेली ऐशी एकच. पंतांनी छत्रीची माळ खुंटीवरून काढली. कारागीर तीन मणी बोटाखाली धरून होते, ते म्हणाले अहो पंत, वाचतो आहोत. पंतांनी मणी त्यांच्या बोटाखालून ओढून घेतले आणि माळ खांद्यावर टाकून मोडखान्यात आणली आणि साळूबाईसमोर मांडी घालून बसले आणि म्हणाले, “तुम्ही हात लावू नका. नुसते कसे ते सांगा. कडेलोट माझा.”

साळूबाई उठून बसली. तिने पंतांकडे पाहिले, मग माळेकडे, मग पुन्हा पंतांकडे. “आदी शेपूट,” ती म्हणाली. “मंग शिरपेच. शिरपेच हाय तवर डोक्याकडनं दात लागत न्हाई.”

पंतांनी पांढरे मणी काढले. ते सोपे गेले, ते आजचे, कालचे, परवाचे, त्यांनीच लाविलेले. मग शिरपेचापाशी हात थांबला. बाहेर भिंतीचा एक पदर कोसळल्याचा आवाज आला. पंतांनी शिरपेच उतरविला, आणि तो कललेला शिरपेच हातात घेऊन त्यांस रडू कोसळले, मोठ्याने, लहान मुलासारखे, आणि रडत रडत त्यांनी पहिला दोरा दाताने तोडला. साळूबाईने थोडा वेळ हे चालू दिले. मग ती म्हणाली, “पंत, रडायचं तर तोंड तिकडं करून रडा. मणी ओले झाल्यावर निसटत्यात.” आणि तिने शेपटाकडून बसकण मारली, मनाईकडे पाठ करून, आणि दात लावला. मग तिची माणसेही बसली. टोपली भरत चालली, आणि पंतांनी डोळे पुसून तीत पाहिले. तांबडे मणी होते, हिरवे होते, काळे होते, पांढरे होते. छत्री कोठेच नव्हती. त्यांनी मणी हाताने खालवर केले, एखादा तरी ओळखू येईल म्हणून, परंतु मणी मण्यासारखा, ओळख ती काय असावयाची.

मग त्याच टोपलीवर वाकून पंतांनी विषझाड्यांची माळ ओवली. पीळ पाहिला नाही, मणी मापून घेतले नाहीत, शिरपेच बसला तैसा बसविला, आणि शेपूट वेडेवाकडे. इतकी कुरूप माळ त्यांच्या हातून कधी जाहली नव्हती. कारागिरांनी ती तीन तीन मणी बोटाखाली घेऊन वाचली, जैशी छत्रीची वाचली होती तैशीच, आणि विषझाडे बाहेर पडले, हातांसहित, डोक्यांसहित, आणि कोणी कोणास काही न विचारता विषावर पडले. सायंकाळपर्यंत विषाचे आंबट पाणी होऊन राज्याबाहेर गेले. भिंतीवरच्या गोण्या एकेक करून खाली गेल्या, आणि शेजाऱ्यांनी जाता जाता सांगितले की आम्ही काळजीपोटी आलो होतो. गृहस्थ दुसरे दिवशी उठले, डोके धरून बसले, आणि बुंदी बाधली ऐसे बायकोस सांगते जाहले.

मग दरबार भरला. महाराजांची घडी नीट बसली होती, सबब त्यांस सर्व आठवू लागले, आणि प्रथम आठवली ती छत्री. पंत पुढे जाहले आणि म्हणाले की ती मी उसवली, आणि साळूबाईचे नाव त्यांनी घेतले नाही. महाराजांनी बराच विचार केला. विचार करण्याची त्यांस सवय नव्हती, त्यामुळे दरबारास काळजी वाटू लागली. मग निवाडा जाहला तो ऐसा, की मनाई चुकीची होती म्हणून ती आजपासून उठविली, मोडखाना चालू. परंतु मनाई असताना जो माळ उसवतो त्याचा कडेलोट ठरला होता, आणि राजा स्वतःच्या शब्दास इतकाही धरून राहिला नाही तर लोक काय म्हणतील. सबब यादोपंतांचा कडेलोट. दोन्ही हुकूम ओवा, पंत, ऐसे महाराज म्हणाले, कारण ओवणारे दुसरे कोणी नव्हते.

पंत ओटीवर बसले. मनाई उठविल्याची माळ त्यांनी लवकर ओवली आणि धाडली. मग आपल्या कडेलोटाची घेतली. भीती वाटत होती, फार वाटत होती, आणि ती त्यांनी मायाजीजवळ बोलूनही दाखविली. परंतु मणी बोटांत आले, आणि बोटे ती बोटेच. हा आपला शेवटचा हुकूम, मग तो तरी नीट असावा, ऐसे मनात येऊन पंतांनी दोऱ्यास पीळ दिला, मणी मापून घेतले, शिरपेच किंचित डावीकडे कलता बसविला, आणि शेपटाचा पांढरा मणी न मणी एका तोलाचा लावला. ओवता ओवता ते गुणगुणू लागले. माळ पुरी जाहली तेव्हा ती त्यांनी हातभर दूर धरून पाहिली आणि कबूल केले की छत्रीहूनही ही सरस जाहली. मग ती कडेलोट करणाऱ्या गडकऱ्यांकडे रवाना केली, आणि आंघोळ करून, शुभ्र धोतर नेसून कड्याकडे जाऊन बसले.

बसले ते बसलेच. गडकरी येईनात. ऊन कलले. पंतांस वाटले की माळ वाचण्यास कठीण तर गेली नाही, आणि ते चौकशीस निघाले, आणि वाट मोडखान्यावरून गेली. मोडखाना इतके दिवस उपाशी, आणि मनाई उठलेली. ओसरीवर नुसता दातांचा आवाज. साखर साठवा उसवले जात होते, साखर काढा उसवले जात होते, अर्ध्या विषझाड्यांची माळ तर केव्हाच टोपलीत गेली होती, आणि साळूबाईच्या मांडीवर पंतांची नवी माळ, शेपूट गेलेले, शिरपेच उतरविलेला, अर्धी सुटलेली. शेपूट चांगले लांब होते, हुकमास आयुष्य भरपूर होते, रिवाजाप्रमाणे तीस हात लावण्याचे काहीच कारण नव्हते. पंत ओरडले, “अहो, ही तर आत्ता ओवली. इतकी सुरेख माळ, आणि ती तुम्ही कोणी वाचण्याच्या आधी खाल्ली?”

साळूबाईने मान वर करून पंतांकडे पाहिले. “वाचली की,” ती म्हणाली, आणि दोरा तोडला.

पंत संतापून आणखीही काही बोलणार होते, तों त्यांच्या ध्यानात आले की संतापण्यास आपण जिवंत आहोत. ते मटकन ओसरीच्या पायरीवर बसले. साळूबाईच्या एका माणसाने सरकून जागा केली आणि टोपलीतील एक लांब दोरा त्यांच्याकडे टाकला. पंतांनी तो उचलला, कोणाचा हुकूम ते पाहिले नाही, आणि दात लावला.

सारांश, त्या राज्यात ऐसे घडले. महाराजांनी दुसरे दिवशी पंतांस पाहून तुम्ही अजून आहात काय ऐसे विचारले, आणि आहे म्हटल्यावर फराळाचा हुकूम ओवण्यास सांगितले. कडेलोटाचा विषय पुन्हा निघाला नाही, कारण जे माळेत नाही ते त्या राज्यात घडत नाही. पंत पुढेही सुबक ओवीत गेले. मात्र सायंकाळी मोडखान्यात येऊन बसत, आणि साळूबाई एखादी माळ तोंडी घालण्यापूर्वी क्षणभर उजेडाकडे धरी, आणि म्हणे की ही बरी जमली, आणि मग उसवी. पंतांस तेवढे पुरे होई. हकीकत लिहून पुरी जाहली असे.